बेली : दिसायला साधी, निवडायला अवघड

उंच टाचांची सद्दी फॅशनच्या दुनियेत येते आणि ओसरते; पण चवड्याला चिकटून बसणारी, बोटांवर बंद, वरून उघडी आणि जवळजवळ टाच नसलेली बॅलेरिना गेल्या सात दशकांत पूर्णपणे हद्दपार कधीच झाली नाही. आपल्याकडच्या दुकानांत तिला सरसकट ‘बेली’ म्हणतात. २००० नंतरच्या दशकात जीन्स आणि कुर्त्यांबरोबर ती महाविद्यालयीन तरुणींच्या पायांत सर्रास दिसत असे. पुढे स्नीकर्सनी तिला मागे सारले. २०२२ मध्ये ‘म्यू म्यू’ या इटालियन फॅशनगृहाने सॅटिनच्या बॅलेरिना सादर केल्या आणि ही शैली नव्याने चर्चेत आली. टाच नाही म्हणजे पायाला त्रास नाही, असे गृहीत धरून अनेकजणी ती घेतात. ही समजूत मात्र अर्धवट आहे.

नृत्यमंचावरून रस्त्यावर

नावाप्रमाणेच या पादत्राणाचे मूळ बॅले नृत्यात आहे. अठराव्या शतकात पॅरिसच्या ऑपेरातील नर्तिका मारी कामार्गो हिने टाचांचे बूट बाजूला सारून नृत्य केले, असे मानले जाते. नर्तिकेची ही पादत्राणे रोजच्या वापरात आली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. अमेरिकेत चामड्याच्या बुटांवर रेशनिंग होते. बॅलेचे बूट त्यातून वगळलेले होते. वेशभूषाकार क्लेअर मॅकार्डेल यांनी ‘कॅपेझिओ’ या नृत्यबूट बनविणाऱ्या कंपनीकडून त्यांना टणक तळ बसवून घेतला आणि आपल्या पोशाखांबरोबर ते सादर केले. १९५६ मध्ये पॅरिसच्या रोझ रेपेतो यांनी अभिनेत्री ब्रिजित बार्दोसाठी ‘सांद्रियाँ’ ही बॅलेरिना तयार केली. १९५७ च्या ‘फनी फेस’ चित्रपटात ऑड्री हेपबर्न सपाट बूट व आखूड काळ्या पँटमध्ये दिसली आणि या जोडीवर जणू शिक्कामोर्तब झाले.

या इतिहासातच एक सावधगिरीची सूचना दडलेली आहे. नर्तिकेचा बूट लाकडी रंगमंचासाठी असतो. फरशी, डांबर आणि रेल्वेचे जिने यांचा मारा सोसण्यासाठी तो घडविलेला नाही.

खरेदी करताना

दिवसभराच्या वावराने पावले थोडी सुजतात. त्यामुळे बेलीची खरेदी सायंकाळी करावी. दोन्ही पावले क्वचितच अगदी सारखी असतात. म्हणून दोन्ही पायांत घालून, मोठ्या पावलाच्या मापाने जोड निवडावा. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा उरली पाहिजे. ‘वापरून सैल होईल’ हे विक्रेत्याचे आश्वासन मऊ चामड्याच्या बाबतीत काही अंशी खरे ठरते, रेक्झिनच्या बाबतीत फारसे नाही. दुकानातून चार-सहा पावले चालून पाहावे. टाच निसटत असेल तर जोड सैल आहे. काठाचे इलॅस्टिक टाचेमागे रुतत असेल तर घरी गेल्यावर फोड ठरलेलाच.

यानंतर जोड हातात घेऊन तपासावा. बेली चवड्याच्या जागी वाकायला हवी. मधोमध दुमडणारी किंवा कापडासारखी पिळली जाणारी बेली पायाला कोणताच आधार देत नाही. सुखतळा अंगठ्याने दाबून पाहावा. त्याखाली मऊ थर आणि तळव्याच्या कमानीपाशी किंचित उंचवटा असल्यास उत्तम. अगदी सपाट तळापेक्षा एक-दोन सेंटिमीटरची बुटकी टाच अनेकींना अधिक मानवते. तळ रबराचा व खाचा असलेला असावा. गुळगुळीत तळ ओल्या फरशीवर घसरतो.

मुंबईचा लिंकिंग रोड किंवा कुलाबा कॉजवे येथे घासाघीस करून स्वस्त जोड मिळतात, पण तेथेही ही तपासणी टाळू नये. ऑनलाइन खरेदीत केवळ क्रमांकावर विसंबू नये. ब्रिटिश ४ म्हणजे साधारण युरोपीय ३७ असले, तरी उत्पादकागणिक फरक पडतो. पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून मापांच्या तक्त्याशी ताडून पाहावी आणि बदलून मिळण्याची सोय आहे ना, याची खात्री करून घ्यावी.

पोशाखाशी मेळ

पुढचा भाग खोल कापलेली आणि त्वचेच्या रंगाशी जुळणारी बेली पाय लांब असल्याचा भास निर्माण करते. घोट्याभोवतीचा पट्टा तो आखूड दाखवतो. निमुळते टोक कार्यालयीन पोशाखाला शोभते, मात्र रुंद चवड्याला गोल वा चौकोनी टोकच सुखावह.

घोट्याच्या वर थांबणारी पँट, चुडीदार आणि गुडघ्याखाली येणारा स्कर्ट यांच्याबरोबर बेली खुलते. जमिनीला टेकणारा पलाझो मात्र तिला झाकून टाकतो. साडीवर बेली घालायची असेल, तर ती पायांत घालूनच साडी नेसावी. उंच टाचांच्या हिशेबाने नेसलेली साडी पायांत येते. हातमागाच्या सुती साडीवर साधी चामड्याची, तर समारंभात जरी किंवा भरतकामाची बेली मोजडीची उणीव भासू देत नाही.

पायांचे आरोग्य

पातळ तळाच्या बेलीत दिवसभर उभे राहिल्यास टाचेवर व तळव्यावरील स्नायुबंधांवर ताण येतो. सकाळी पहिले पाऊल टाकताना टाच दुखू लागली, तर तिकडे दुर्लक्ष करू नये. वर्षानुवर्षे उंच टाचा वापरणाऱ्या स्त्रियांच्या पोटरीचे स्नायू आखडलेले असू शकतात. त्यांनी एकदम सपाट तळावर न येता टाचेची उंची टप्प्याटप्प्याने कमी करावी. मधुमेहामुळे पावलांची संवेदना कमी झालेल्यांनी घट्ट किंवा पातळ तळाची बेली डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वापरू नये.

घाम टिपण्यासाठी बाहेर न दिसणारे तळव्यापुरते मोजे घालावेत आणि एकच जोड रोज न वापरता दोन जोड आलटून पालटून वापरावेत. पावसाळ्यात चामडे व सॅटिन यांना विश्रांती द्यावी. भिजलेला जोड आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवावा, अन्यथा बुरशी धरते. लांबच्या प्रवासासाठी भक्कम तळाचे बूट आणि कार्यालयात किंवा समारंभात बेली, अशी विभागणी केल्यास पाय आणि जोड दोन्ही अधिक टिकतात.