बदनाम इंडिकेची गोष्ट

स्मरणिका समितीने मला "कॉम्प्युटरवर काहीतरी लिही" असे सांगितले होते. मी दोन पाने लिहूनही ठेवली होती. गेल्या दिवाळीत सेलूला आले तेव्हा आपल्या वर्गातला एक मित्र स्टेशनवर घ्यायला आला होता. गाडीत बसल्यावर त्याला लेखाचे सांगितले. तो म्हणाला, "कॉम्प्युटरचं कोण वाचतंय? इंडिकाचं लिही. लई बोलले लोक तिला." पुण्याला परत जाताना ती दोन पाने बाजूला ठेवली आणि हा लेख लिहायला घेतला.

हा मित्र आपल्या १९९५च्या दहावीच्या बॅचचा. "नाव छापू नको" असे बजावून सांगितल्यामुळे छापत नाही. शाळेत त्याला आपण ज्या नावाने हाक मारायचो ते मात्र पुढे सांगावे लागणार आहे, कारण त्याचा या गोष्टीशी संबंध आहे.

आपण शाळेत होतो तेव्हा सेलूत मोटारी किती होत्या ते आठवून पाहा. एखादी अम्बॅसॅडर, मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट म्हणजेच प्रीमियर पद्मिनी, आणि डॉक्टरांच्या दारातली मारुती ८००. बाकीच्यांसाठी एसटी, रेल्वे आणि माणसे लटकलेली काळी-पिवळी जीप. लग्नाचे वऱ्हाड ट्रॅक्समध्ये किंवा सरळ ट्रकमध्ये बसून जायचे. १९९४ साली टाटांची सुमो आली. सुमंत मुळगावकर यांच्या नावाची आणि आडनावाची पहिली अक्षरे घेऊन ते नाव ठेवले होते, हे तेव्हा आपल्याला ठाऊक नव्हते. जपानी पैलवानावरून ठेवले असेल असेच वाटायचे. मुळगावकरांनी पुण्याचा कारखाना उभा केला होता. त्या कारखान्याची खरी ओळख मात्र ट्रकची. टाटा म्हणजे ट्रक, हे समीकरण आपल्या मोंढ्यात कापसाच्या गाठी भरताना पाहणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात पक्के होते.

अशा ट्रकवाल्या कंपनीने छोटी मोटार करायचे ठरवले तेव्हा बरेच जण हसले. रतन टाटांनी मांडलेली कल्पना थोडक्यात अशी होती : बाहेरून झेनएवढी, आतून अम्बॅसॅडरएवढी ऐसपैस, किंमत मारुती ८००च्या जवळपास आणि चालवण्याचा खर्च डिझेलचा. बाहेरच्या रूपासाठी इटलीतल्या तुरीनच्या 'आयडिया' या संस्थेची मदत घेतली, पण गाडी उभी केली ती पुण्याच्या अभियंत्यांनी. नवा कारखाना घेणे परवडणारे नव्हते, म्हणून ऑस्ट्रेलियातला निस्सानचा बंद पडलेला कारखाना विकत घेतला, सुटा केला, जहाजांनी आणला आणि पुण्यात पुन्हा जोडला. सगळ्या प्रकल्पाचा खर्च सुमारे १७०० कोटी रुपये. जानेवारी १९९८मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात गाडी लोकांना दाखवली आणि ३० डिसेंबर १९९८ला ती बाजारात आली. भारतीय कंपनीने आराखड्यापासून स्वतः उभी केलेली ही पहिली छोटी मोटार मानली जाते. आठवडाभरात सुमारे १ लाख १५ हजार लोकांनी पूर्ण पैसे भरून नोंदणी केली.

मी तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. वसतिगृहात पेपर हातोहात फिरला. आमच्यातल्या मेकॅनिकलच्या मुलांना फार अभिमान वाटत होता.

मग गाड्या रस्त्यावर आल्या आणि तक्रारी सुरू झाल्या. इंजिनचा आवाज फार, खालून खडखड, टायर लवकर झिजतात, गिअर जड पडतो, दारे-खिडक्यांचे फिटिंग नीट नाही. त्यातल्या बऱ्याच तक्रारी खऱ्या होत्या. कंपनीने गाड्या वर्कशॉपमध्ये बोलावून सुटे भाग फुकट बदलून दिले. २०००-०१ या वर्षात कंपनीला ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला. भारतीय उद्योगात तोवर एवढा तोटा क्वचितच कोणी पाहिला होता. मोटारीचा धंदा विकून टाकावा इथपर्यंत गोष्ट गेली होती.

पुढे काय झाले ते फार कमी लोक सांगतात. तक्रारींची यादी करून अभियंते पुन्हा कामाला लागले आणि २००१ साली इंडिका व्ही-टू आली. खालचे सस्पेन्शन सुधारले, आवाज कमी केला, गिअर हलका केला. ही दुसरी गाडी जोरात विकली गेली आणि २००२-०३ साली कंपनी पुन्हा नफ्यात आली. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचे आहे. पहिल्या आवृत्तीत चुका निघतातच. त्या किती लवकर आणि किती प्रामाणिकपणे दुरुस्त केल्या, यावर आमची पारख होते. पण लोकांची आठवण अशी चालत नाही. पहिल्या वर्षी पडलेले नाव दहाव्या वर्षीही तसेच राहते. व्ही-टूमध्ये कधी न बसलेला माणूससुद्धा "इंडिका? छे, डबडा आहे" असे बिनदिक्कत सांगायचा.

त्यात दुसरे नाव जोडले गेले : टॅक्सीची गाडी. मी नोकरीला लागले तेव्हा हिंजवडीत कंपन्या वाढत होत्या. रात्रीच्या पाळीच्या मुलामुलींना घरी सोडायला दारात इंडिका आणि सुमो रांगेने उभ्या असत. त्यामुळे स्वतःची गाडी घ्यायची वेळ आली की सहकारी म्हणायचे, "इंडिका नको गं, लोक हात करून थांबवतील."

मला हा युक्तिवाद तेव्हाही उलटा वाटायचा. घरची गाडी महिन्याला पाचशे किलोमीटर चालते, टॅक्सी तेवढी दोन-तीन दिवसांत चालते. टॅक्सीवाल्याला गाडीचे कौतुक नसते. किलोमीटरला किती रुपये जातात आणि किती येतात, एवढेच तो पाहतो. गाडी आठ दिवस उभी राहिली तर त्याचा हप्ता चुकतो. असे हिशेबी लोक हजारोंच्या संख्येने एकच गाडी घेत असतील, तर तो कमीपणा कसा? माझ्या लेखी ते प्रशस्तिपत्रच आहे.

त्याची कारणे गाडीच्या रचनेतच आहेत. इंडिकेची लांबी पावणेचार मीटरपेक्षा कमी, पण पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २४०० मिलिमीटर. मारुती ८००मध्ये ते २१७५ आहे. म्हणजे साधारण वीतभर जागा जास्त, आणि ती सगळी मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना मिळाली. डिझेल इंजिन १४०५ सीसीचे, चार सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ७५ मिलिमीटर, म्हणून कारखान्यात त्याचे नाव ४७५. ताकद ५३-५४ अश्वशक्ती, म्हणजे शर्यतीची नव्हेच. डिझेल थेट सिलिंडरमध्ये न उडवता आधी शेजारच्या छोट्या कप्प्यात उडवायचे, अशी ही जुनी आणि साधी पद्धत. म्हणूनच थंडीत किल्ली फिरवून हीटरचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबावे लागे. इंधनाचा पंप यांत्रिक होता, त्यामुळे जिंतूरच्या नाक्यावरचा मिस्त्रीसुद्धा पाना-पकड घेऊन ती उघडू शकायचा. डिझेलही तेव्हा पेट्रोलपेक्षा खूपच स्वस्त होते. ज्या भागात मोठे वर्कशॉप शंभर किलोमीटरवर आहे, तिथे हा साधेपणा फार मोलाचा होता.

गाडी निर्दोष होती असे मी म्हणणार नाही. आतले प्लॅस्टिक हलके होते आणि पेट्रोलची इंडिका डिझेलएवढी कधीच लोकांच्या पसंतीला उतरली नाही. टॅक्सीत वापरल्या जाणाऱ्या साध्या प्रकारात एअरबॅग नव्हत्या, आज ते चालणार नाही. परदेशात तर ती सपशेल पडली. २००३मध्ये पुण्यात बनलेली हीच गाडी ब्रिटनमध्ये 'सिटी रोव्हर' नावाने विकायला ठेवली. किंमत लावली साडेसहा हजार पौंडांच्या आसपास. तिथल्या परीक्षकांनी तिला झोडपून काढले, आणि २००५ साली रोव्हर कंपनीच बुडाली. पण तिथे तिच्यासमोर गुळगुळीत रस्ते आणि त्याच पैशांत मिळणाऱ्या युरोपातल्या सफाईदार गाड्या होत्या. सेलू ते पाथरी रस्त्यावर सहा माणसे आणि टपावर सामान घेऊन जायचा पेपर तिला तिथे कोणी दिलाच नाही.

तो पेपर तिने माझ्यासमोर सोडवला आहे.

जानेवारी २००६. मी पुण्यात. रात्री साडेअकराला आईचा फोन आला, बाबांच्या छातीत दुखते आहे. गावातल्या डॉक्टरांनी ताबडतोब औरंगाबादला न्यायला सांगितले होते आणि गाडी मिळत नव्हती. मला एकच नंबर आठवला. त्याने २००३ साली कर्ज काढून व्ही-टू घेतली होती आणि स्टेशनवर भाड्याने लावत होता. मी दहावीनंतर त्याच्याशी नीट बोललेही नव्हते. त्याने विचारले फक्त एवढेच, "काका बसू शकतेत का झोपवून न्यायचं?" दहाव्या मिनिटाला तो दारात होता. पुढचे सीट पूर्ण मागे पाडून बाबांना आडवे केले, आई मागे बसली. परतूर, जालना, औरंगाबाद. तेव्हाचा रस्ता तुम्हाला ठाऊक आहे. पहाटे तीनच्या आत बाबा दवाखान्यात दाखल झाले होते. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणले. बाबा त्यानंतर अकरा वर्षे जगले. मी सकाळी पुण्याहून पोहोचले तेव्हा हा बाहेर गाडीतच झोपला होता. पैसे घेतले ते फक्त डिझेलचे.

आता ते नाव. शाळेत आपण त्याला 'ढकलपास' म्हणायचो. आठवीत गणितात काठावर वर गेला तेव्हा हे नाव पडले आणि दहावीपर्यंत सुटले नाही. नववीत तो गणितात पन्नासच्या वर गेला होता, तरी कोणी नाव बदलले नाही. वर्गातल्या बऱ्याच जणांना हे नाव कोणी ठेवले ते आठवत नसेल. मला आठवते. ते मी ठेवले होते.

गेल्या दिवाळीत त्याच्या घरी चहाला गेले. त्याने कपाटातून एक जाड वही काढली. २००३पासून २०१४ला इंडिका विकेपर्यंत रोजचे किलोमीटर, डिझेल, ऑईल, टायर, विमा, हप्ता, सगळे रकाने पाडून लिहिलेले. दर महिन्याच्या शेवटी किलोमीटरला पडलेला खर्च, दोन दशांशांपर्यंत. गाडी साडेचार लाख किलोमीटर चालली, इंजिनचे काम एकदाच काढले. या हिशेबावर त्याने कर्ज फेडले, दुसरी गाडी घेतली, मुलीला फार्मसीला घातले. मी रोज आकड्यांचेच काम करते, पण इतकी नेटकी वही माझ्याकडे नाही.

मी त्याला म्हणाले, "ते नाव मी ठेवलं होतं. चुकलंच माझं." तो हसला, "ठाऊक हाय की. तू चहा घे." मग वही मिटत म्हणाला, "आमच्या गाडीलाबी नाव ठेवलंच होतं लोकांनी. चालायची थांबली का ती?"

२०१८ साली इंडिकेचे उत्पादन बंद झाले. आज टाटांच्या नव्या गाड्या लोक अभिमानाने घेतात, पण त्या बनवायला ही कंपनी शिकली ती बदनाम इंडिकेवर. सेलूच्या रस्त्यावर अजून एखादी दिसते, रंग उडालेली, मागच्या काचेवर देवाचे नाव.

आपले शिक्षक हे वाचतील म्हणून एक विनंती. सर, बाई, तुम्ही आम्हाला वर्गात कधी टोपणनावाने हाक मारली नाहीत, ते काम आम्हीच केले. या मेळाव्यात तो येणार आहे. पुण्यामुंबईच्या मंडळींना स्टेशनवरून आणायची जबाबदारी त्यानेच घेतली आहे. गाडीत बसलात की त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा. आणि वेळ असेल तर ती वही जरूर बघा.