नाशिकचे वाडे आणि भाडेचिठ्ठी

पंचवटींत किंवा गोदाकांठच्या जुन्या नाशकांत पडका वाडा दिसला, कीं आपण भाडेकरूस दोष देतों. आमच्या मतें मालकाची चूकहि कमी नव्हती.

दुसऱ्या महायुद्धांत घरें दुर्मिळ झालीं व मुंबई सरकारनें १९४७ सालीं भाडेनियंत्रणाचा कायदा केला. १ सप्टेंबर १९४० चें भाडें हेंच सामान्यतः प्रमाण ठरलें. महागाई वाढली, भाडें तेंच राहिलें. मग डागडुजी कोण करणार? १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि ही गोठवणूक अवाजवी ठरविली.

तथापि थकबाकीदारास घालविण्याची वाट बंद नव्हती. आधीं लेखी नोटीस, मग एक महिन्याचा अवधि, नंतर दावा, असा क्रम होता. मालक मात्र घरोब्यापोटीं चिठ्ठी करीत नसे, पावती देत नसे. आणि राग अनावर झाला, कीं नळ तोडी. पावती नाकारणें व पाणी तोडणें हे दोन्ही त्या कायद्यानें गुन्हेच! फिर्याद करावयाची त्यानेंच आरोपी होऊन बसावें, असा हा प्रकार.

३१ मार्च २००० पासून अंमलांत आलेल्या नव्या कायद्यानें नोटिशीची मुदत ९० दिवस केली आणि करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी मालकावर टाकली. नोंदणी नसल्यास अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरतात.

शब्दावर घर देणें हा मोठेपणा खरा. पण कागदानें स्नेह तुटत नाहीं, उलट टिकतो, असें आम्हांस वाटतें.