संसारी माणसांचे गाव

संसारी माणूस निवर्तला, तेरावा उरकला आणि पाहुणे आपापल्या गावी परतले, की त्याच्या आयुष्याचा अखेरचा सरकारी उल्लेख तलाठ्याच्या दप्तरात होतो. मृत्यूचा दाखला जोडून वारसांचा अर्ज येतो, फेरफाराच्या नोंदवहीत मयताची तारीख आणि मागे राहिलेली पत्नी, मुलगे, मुली यांची नावे क्रमाने चढतात, आणि मंडल अधिकाऱ्याने नोंद मंजूर केली म्हणजे सात-बाराच्या उताऱ्यावरील त्याच्या नावाला कंस पडतो. ज्याने कोठे तलवार गाजविली नाही, कोणत्या परिषदेचे अध्यक्षपद भूषविले नाही, घरादाराची पोटे भरावी, मुले शिकावी आणि मुली चांगल्या घरी पडाव्या एवढ्याच ध्यासात जो झिजला, त्याला त्या कंसाखेरीज दुसरे स्मारक लाभत नाही.

तरीही हा कागद, वाचणाऱ्यास डोळे असतील तर, पुष्कळ बोलतो. इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा बोजा कोणत्या साली चढला आणि कोणत्या साली उतरला, हे पाहिले की घरात लग्न केव्हा निघाले अथवा विहीर केव्हा खोदावयास घेतली, याचा अदमास बांधता येतो. पिकांच्या रकान्यात बाजरी, मटकी, हुलगा अशी कोरडवाहू नावे वर्षानुवर्षे चालत येऊन एके साली अकस्मात कांदा किंवा गहू दिसू लागला, तर त्या घराचे दिवस पालटले हे निराळे सांगावे लागत नाही. आणि ‘पड’ हा शेरा सलग चार-पाच हंगाम आढळला, तर धनी गाव सोडून गेला असावा असे समजण्यास हरकत नाही. महाराष्ट्रातील कोणत्याही गावचे दप्तर असे वाचता येईल. परंतु ज्याचा गेल्या अर्धशतकाचा सगळा इतिहास म्हणजे कुटुंबवत्सल माणसाच्या जाण्याचा आणि परत येण्याचाच इतिहास, असे गाव म्हणून मी नगर तालुक्यातील मौजे हिवरे बाजारचे नाव घेईन.

नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, या शहरापासून पश्चिमेस सुमारे १७ किलोमीटरांवर, डोंगरांच्या कुशीत वसलेले हे साधारण ९७५ हेक्टरांचे गाव पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडते, आणि वर्षाकाठी ४०० मिलिमीटर पाऊस झाला तरी ते वर्ष येथे बरे मानले जाते. या मुलखातील रयतेची अडचण जुनीच. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांची खतपत्रे जाळणारा जो दंगा उसळला, त्याचे लोण नगर जिल्ह्यातही पसरले होते, आणि इंग्रज सरकारला १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांकरिता स्वतंत्र कायदा करणे भाग पडले होते. परंतु कर्जापायी जमीन गेली तरी माणूस बहुधा गावातच राहून दुसऱ्याच्या बांधावर राबत असे. त्याला गावातून उचलून नेले ते १९७२ च्या दुष्काळाने.

त्या दुष्काळाची आठवण असलेली माणसे अजून खडी फोडण्याची गोष्ट सांगतात. सडकेच्या कडेला दगडांचे ढीग, हातोड्यांचा दिवसभराचा खणखणाट, आठवड्याच्या हजेरीपटावर उमटवलेले अंगठे, मुलांच्या हातावर पडणारी सुकडी आणि घरी शिजणारा परदेशी तांबडा मिलो. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली होती, आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेला कायद्याचे रूप याच अनुभवातून, १९७७ साली, मिळाले. हे सर्व राज्याच्या इतिहासात नमूद आहे. नमूद नाही ते एवढेच की, कामे संपल्यावर गावी परतलेल्या कुटुंबप्रमुखापुढे दोनच वाटा उरल्या होत्या : विहिरींचा तळ दिसणाऱ्या गावात राहून मुलांचे हाल उघड्या डोळ्यांनी पाहावयाचे, किंवा पुण्यामुंबईस जाऊन त्यांच्यापासून दूर राहावयाचे. म्हणजे ज्याची घरावर माया अधिक, तोच घरापासून दूर जावयाचा.

मागे राहिलेल्या गावाची रया गेली. एके काळी पैलवानांसाठी नाव असलेल्या या गावात दारूच्या भट्ट्या पेटल्या, भांडणे वाढली, डोंगरावरची झाडे सरपणाला गेली, आणि सरकारी नोकरांमध्ये येथील बदली ही शिक्षा समजली जाऊ लागली. या अवस्थेत १९८९ साली तरुण मंडळींनी पोपटराव पवार यांना बिनविरोध सरपंच केले. एम. कॉम. झालेले, क्रिकेट उत्तम खेळणारे हे गृहस्थ. त्यांनी खेळात किंवा नोकरीत नाव काढावे, ही घरच्यांची अपेक्षा. ती बाजूस सारून त्यांनी गावाचा संसार अंगावर घेतला. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा वर्तमानपत्रांनी पाण्यावर रकानेच्या रकाने लिहिले. माझ्या मते पाणी ही या कथेची अर्धीच बाजू होय.

शेजारच्या पारनेर तालुक्यातील राळेगण सिद्धीच्या धर्तीवर गावाने पंचसूत्री पत्करली : श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आणि नसबंदी. नीट पाहिले तर यांपैकी एकही नियम असा नाही की जो घराच्या उंबरठ्याआत शिरत नाही. कुऱ्हाडबंदी आली की चुलीची व्यवस्था निराळी करावी लागते. चराईबंदी आली की शेळ्या डोंगरावर सोडता येत नाहीत, गवत कापून डोईवरून गोठ्यात आणावे लागते आणि मोजकीच जनावरे नीट सांभाळावी लागतात. नशाबंदीचा लाभ कोणाला झाला, हे तर कोणत्याही गावातील बायका सांगतील. नसबंदीविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे. आणीबाणीत जिच्या दहशतीने माणसे शेतात लपून बसली, तीच गोष्ट ग्रामसभेने स्वतः होऊन स्वीकारावी हे विलक्षण खरे. पण देशभर ही शस्त्रक्रिया बहुतांशी बायकांच्याच वाट्याला येत आली आहे, आणि नवऱ्याच्या कुटुंबप्रेमाची परीक्षा तेथेच होते. पुढे विवाहापूर्वी एचआयव्हीची तपासणी करावी असे गावाने ठरविले, आणि दुसऱ्या मुलीच्या शिक्षणाचा व लग्नाचा भार उचलण्याचेही पत्करले. गावाने माणसाच्या खासगी आयुष्यात इतके डोकवावे काय, असा प्रश्न मला पडतो. परंतु ज्या बापाला मुलगी झाल्याचे दडपण वाटत होते, त्याला तो पडला नसावा.

पाण्याचे काम सर्वश्रुत आहे. आदर्श गाव योजना आणि रोजगार हमी यांच्या आधारे डोंगरउतारांवर चर खणले गेले, बांध घातले गेले, वनखात्याच्या उजाड जमिनीवर झाडे लागली. मला त्यातील ताळेबंद अधिक महत्त्वाचा वाटतो. पावसाळा सरला की पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून ग्रामसभेत हिशेब मांडला जातो. आधी माणसांचे आणि जनावरांचे पिणे, मग शेती, आणि काही भाग पुढच्या वर्षासाठी जमिनीतच शिल्लक. ऊस आणि केळी यांना मनाई, शेतीसाठी विंधन विहीर घेण्यास मनाई. पगाराच्या दिवशी पुड्या बांधून खर्च वेगळा काढणाऱ्या जुन्या कारकुनाच्या घरात हाच हिशेब चाले. अंथरूण पाहून पाय पसरणे हा गुण एकेका घरात असतो. अख्ख्या गावात तो क्वचितच आढळतो.

परिणाम आकड्यांत सांगावयाचा तर, १९९५ साली १८२ पैकी १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती आणि दरडोई मासिक उत्पन्न ८३० रुपये होते. पुढे दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांची संख्या अवघ्या तिनावर आली. दिवसाला दीडशे लिटरांच्या आसपास असलेले दूध हजारो लिटरांवर गेले. परंतु माझ्या विषयाला लागू पडणारी गोष्ट निराळीच : शहरात गेलेली कुटुंबे परत आली. बापाने संध्याकाळी घरी असावे, गोठ्यात धार काढताना मुलाने शेजारी बसून पाढे म्हणावे, एवढ्या साध्या गोष्टीसाठी एका गावाला डोंगर खणावा लागला.

एक उणीव बोलून दाखवावयास हवी. वारसाच्या नोंदीत मुलींची नावे कायद्याने येतात. महाराष्ट्राने १९९४ सालीच हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. तरीही आपल्याकडे गावोगाव, नोंदीपाठोपाठ हक्कसोडपत्र येते आणि ती नावे कमी होतात. कुटुंबवत्सल म्हणून ज्याचे गोडवे गावे, त्याच्या पश्चात मुलीच्या वाट्याला साडीचोळीच उरते.

तुमच्या घरातले असे कोणी गेले असेल, तर त्यांच्या तसबिरीला हार घातल्यावर एकदा तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जा, जुने सात-बारा आणि फेरफार यांच्या नकला काढा, आणि ज्या साली ‘पड’ असा शेरा आहे त्या साली घरात काय चालले होते, हे सांगणारे कोणी म्हातारे माणूस हयात आहे तोवर त्याच्याजवळ बसून लिहून घ्या.