टाय रॉड आणि स्टिअरिंगचा मध्य : एक ऐतिहासिक टिपण

भंडारा जिल्ह्याच्या धानपट्ट्यातील एकोडीसारख्या गावच्या बैलबंडीला वळण्यासाठी निराळी यंत्रणा लागत नाही. तिची दोन चाके आसावर स्वतंत्रपणे फिरतात आणि दिशा ठरते ती बैलांच्या जुवावरून. चारचाकी वाहनाचा प्रश्न मात्र बिकट आहे. वळताना आतले चाक लहान वर्तुळात फिरत असल्यामुळे ते बाहेरच्या चाकापेक्षा अधिक कोनात वळावे लागते. म्युनिकचे गाडीकार गेओर्ग लांकेन्स्पेर्गर यांनी यासाठी योग्य रचना शोधली. परंतु इंग्लंडमध्ये १८१८ साली तिचे पेटंट त्यांचे प्रतिनिधी रूडॉल्फ अकरमान यांनी घेतले, आणि ग्रंथांतून नाव रूढ झाले ते प्रतिनिधीचेच.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील फियाट ११०० व पद्मिनी या मोटारींत हेच तत्त्व टाय रॉडच्या रूपाने आले. अशा जुन्या वर्म-पद्धतीच्या स्टिअरिंग-पेटीतील जुळणी मध्यभागी सर्वांत घट्ट असते. म्हणून आधी पेटीचा मध्य साधावयाचा व मगच दोन्ही बाजूंचे टाय रॉड फिरवून पुढची चाके जुळवावयाची, हा क्रम आवश्यक ठरतो. नुसते हातचाक काढून सरळ बसविल्यास दोष झाकला जातो, पण पेटी मध्यापासून ढळलेलीच राहते आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सैल लागते.

अखेरची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. उरलेल्या मोटारींत नवी यंत्रणा बसविणे सोयीचे खरे. परंतु त्यासोबत हा क्रमही विस्मृतीत गेल्यास लांकेन्स्पेर्गर यांच्याप्रमाणेच येथेही नाव तेवढे उरेल आणि कर्तृत्व हरपेल.