बाप्तिस्म्यानंतरचे टिळक

कविवर्य रेव्हरंड नारायण वामन टिळकांचें चरित्र सांगणारे बहुधा १८९५ पाशीं थबकतात. १८९३ सालीं राजनांदगांवच्या वाटेवर आगगाडींत एका गोऱ्या गृहस्थानें त्यांस नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. वस्तुतः ईश्वरावर विसंबण्याची कसोटी तेथून पुढें लागली.

ती प्रथम घरांतच लागली. पत्नी लक्ष्मीबाई यांची व त्यांची कित्येक वर्षें ताटातूट झाली. पुढें बाई आल्या त्या आपलें सोंवळें संभाळूनच. टिळकांनीं धर्माची सक्ती केली नाहीं. जातिभेद देवानें नव्हे, मनुष्यानें निर्मिला, हा निर्णय बाईंनीं स्वतःच्या विचारानें केला व १९०० सालीं बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रें' वाचतांना पतीच्या साऱ्या वादविवादापेक्षां त्याचें हें वाट पाहणेंच मला मोठें वाटतें. तापट मनुष्याला तें किती जड गेलें असेल!

१९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून त्यांनीं 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही तेथें स्थान होतें. तुकोबांचें ऋण उघड मानणाऱ्या कवीला हें शोभलेंच. पंचावन्नी उलटल्यावर बांधलेला पगार टाकून देवावर भार घालणें हें बावीस वर्षांच्या साधनेचें फळ. १८९५ सालीं तें त्यांस साधलें असतें असें वाटत नाहीं. ९ मे १९१९ रोजीं ते निवर्तले. 'ख्रिस्तायन' अपुरें राहिलें होतें. तें लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें.