गुडघा हलवू नकोस

ऑपरेशनला चार दिवस झाले होते. फिजिओ मॅडम घरी आल्या, माझ्या टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि म्हणाल्या, "गुडघा गादीकडे दाबा. पाय पूर्ण सरळ झाला पाहिजे." मी दाबला. म्हणजे डोक्यातून हुकूम सुटला, पण मांडीचा स्नायू जागचा हलला नाही. दारात बाबा उभे होते. "अहो, टाके ओले आहेत अजून. जरा भरून येऊ द्या की," ते म्हणाले. मॅडम गेल्यावर मला हळूच म्हणाले, "फार हलवू नकोस रे."

बाबांना हे बोलायचा अधिकार आहे. 1991 साली कराडला कबड्डी खेळताना त्यांचा गुडघा असाच फिरला होता. डॉक्टरांनी मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि दोन महिने पाय हलवायचा नाही असं बजावलं. बाबांनी हलवला नाही. प्लास्टर कापलं तेव्हा आतून काठीसारखा पाय निघाला आणि गुडघा वाकेना. तो पुरता वाकलाच नाही कधी. बाबांना मांडी घालून बसता येत नाही, त्यामुळे आमच्याकडे सत्यनारायणाला कायम काका-काकू बसतात. पंगतीत सगळे खाली आणि बाबा एकटे खुर्चीवर. लहानपणी मला वाटायचं, बाबा जरा शिष्टच आहेत.

माझी दुखापत त्यांच्याइतकी भारदस्त नाही. ऑफिसच्या बॉक्स क्रिकेटमध्ये चेंडू अडवताना पाय टर्फमध्ये रोवला गेला, अंग वळलं आणि आतून 'टक्' असा आवाज आला. एमआरआयमध्ये दिसलं की अँटेरिअर क्रुशिएट लिगामेंट तुटलंय. गुडघ्याच्या आत दोन लिगामेंट एकमेकांवर फुलीसारखी असतात. त्यातलं पुढचं जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटरचं असतं आणि ते नडगीचं हाड पुढे सरकू देत नाही. ते तुटलं की चालता येतं, पण वळताना पाय दगा देतो.

पुढचे काही आठवडे दोन सूचना एकाच घरात नांदत होत्या: मॅडमचं 'हलवा' आणि बाबांचं 'हलवू नकोस'. मी वाचायला लागलो, तेव्हा कळलं की हे भांडण आमच्या घरातलं नाही. ते चांगलं पावणेदोनशे वर्षं जुनं आहे.

1845 मध्ये फ्रान्समधल्या लिओं शहरातल्या आमेदे बॉने या सर्जननं सांध्यांच्या आजारांवर मोठा ग्रंथ लिहिला. लिगामेंट तुटताना येणारा तो 'टक्' आणि मग गुडघ्यात भरणारं रक्त, हे दोन्ही त्यानं नोंदवून ठेवलंय. शिवाय सांधा फार दिवस जखडून ठेवला तर तो जखडण्यानंच बिघडतो, हेही त्याच्या लक्षात आलं होतं. सांधे हलवण्यासाठी त्यानं उपकरणंसुद्धा बनवली होती. म्हणजे बाबांच्या प्लास्टरच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधी कुणीतरी हे सांगून ठेवलं होतं.

मग ते टिकलं का नाही? याचं एक मोठं कारण लिव्हरपूलचा ह्यू ओवेन थॉमस. हाडवैद्यांच्या घराण्यात जन्मलेला, पण रीतसर डॉक्टर झालेला माणूस. 1875 मध्ये त्याचं खुबा, गुडघा आणि घोट्याच्या आजारांवरचं पुस्तक आलं. त्याचं म्हणणं सरळ होतं: विश्रांती द्यायची, ती सक्तीची, अखंड आणि दीर्घ. इथे त्याला खलनायक करण्यात अर्थ नाही. त्याच्यासमोर येणारे बरेच सांधे क्षयानं सडत चाललेले होते आणि अँटिबायोटिक्सचा तेव्हा पत्ताही नव्हता. अशा सांध्याला स्थिर ठेवणं हा शहाणपणाच होता. त्याच्या नावाची पायाची खपाची पुढे पहिल्या महायुद्धात मांडीचं हाड मोडलेल्या असंख्य सैनिकांच्या उपयोगी पडली. गडबड नंतर झाली. सडलेल्या सांध्यासाठीचा नियम मुरगळलेल्या, फाटलेल्या, तुटलेल्या अशा सगळ्याच सांध्यांना लागू झाला. एका बगसाठी लिहिलेला पॅच सगळीकडे चिकटवल्यावर काय होतं, हे आमच्या धंद्यात कुणाला सांगायला नको.

त्याच काळात पॅरिसमध्ये ल्युका-शांपियोनिएर हा सर्जन नेमकं उलट सांगत होता: मोडलेल्या हाडालाही मालिश करा, हळूहळू हलवा, हालचाल हेच जीवन. पण हालचाल रोज कुणीतरी बसून करून घ्यावी लागते. प्लास्टर एकदा घातलं की डॉक्टर मोकळा. मला वाटतं, निकाल इथेच लागला असावा.

1895 मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सच्या मेयो रॉब्सननं एका खाणकामगाराचा गुडघा उघडून दोन्ही क्रुशिएट लिगामेंट कॅटगटच्या टाक्यांनी शिवली. काही वर्षांनी रॉब्सननं ही हकिगत प्रसिद्ध केली, तेव्हा तो माणूस पुन्हा खाणीत काम करत होता. या कहाणीत सर्जनचं कौतुक सगळे करतात. मला मात्र तो कामगार मधल्या काळात घरी काय करत होता ते जाणून घ्यायचंय. त्याचा पाय कुणी सरळ केला? पहिल्यांदा जिना कधी उतरला?

पलंगापासून जिन्यापर्यंतच्या या मधल्या काळाला शास्त्र मिळालं ते दुसऱ्या महायुद्धात. शिकागोच्या लष्करी इस्पितळात थॉमस डीलॉर्म नावाचा तरुण डॉक्टर होता. लहानपणी त्याला संधिवाताचा ताप आला होता आणि नंतर वजनं उचलून उचलून त्यानं शरीर कमावलं होतं. इस्पितळ जखमी सैनिकांनी भरलेलं, त्यात गुडघ्यांचे रुग्ण भरपूर. रिवाज असा की हलक्या वजनानं पुष्कळ वेळा व्यायाम करायचा. पाय काही भरत नसत, खाटा काही रिकाम्या होत नसत. डीलॉर्मनं लोखंडी बूट घेतला, त्याला वजनं अडकवली आणि रुग्णाला दहा वेळाच उचलता येईल इतकं जड करून उचलायला लावलं. स्नायू वाढले की वजन वाढवायचं. 1945 मध्ये त्यानं हे प्रसिद्ध केलं, तेव्हा शीर्षकात 'जड' हा शब्द होता. पुढे तो बदलून 'क्रमानं वाढणारा' झाला. लोक घाबरत असतील, दुसरं काय! सुरुवातीला एका बैठकीत सत्तर ते शंभर वेळा उचलायला लावायचा. 1948 मध्ये आर्थर वॉटकिन्सबरोबर त्यानं ते तीसवर आणलं: दहा-दहाचे तीन सेट. आज जिममध्ये ट्रेनर 'थ्री सेट्स ऑफ टेन' म्हणतो, ते लष्करी इस्पितळातल्या रुग्णांकडून आलंय.

आपल्याकडे फिजिओथेरपी आली ती पोलिओच्या पावलांनी. मुंबईत फातेमा इस्माईल यांची मुलगी पोलिओनं आजारी पडली. तिच्यासाठी उपचार शोधता शोधता त्यांनी 1947 मध्ये इतर मुलांसाठीही काम उभं केलं. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं परळच्या केईएममध्ये फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं आणि 1955 मध्ये हाजीअलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आली. पण आमच्या घरी 1991 मध्येही फिजिओथेरपी म्हणजे पोलिओ झालेल्या मुलांसाठी असतं काहीतरी, एवढीच समजूत होती. बाबांना प्लास्टर काढल्यावर मिळाला तो एकच सल्ला: तेल लावा.

तोवर जगात प्लास्टरविरुद्ध पुरावा जमा होत होता. 1979 मध्ये स्वीडनच्या हॅगमार्क आणि एरिक्सन यांनी लिगामेंटच्या ऑपरेशननंतर पूर्ण प्लास्टर आणि बिजागरीचं प्लास्टर यांची तुलना केली. पूर्ण प्लास्टरवाल्यांच्या मांडीचे स्नायू जास्त झिजले होते. तरीही भीती होतीच, आणि ती खुळचट नव्हती. पाय सरळ होत येताना मांडीचा पुढचा स्नायू नडगीला पुढे ओढतो, म्हणजे नव्या लिगामेंटवरच ताण येतो. म्हणून गुडघा थोडा वाकवून जखडायची पद्धत होती.

ती मोडली अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या डोनाल्ड शेलबर्नच्या रुग्णांनी. शेलबर्न ऑपरेशननंतर रुग्णांची नियमित तपासणी करायचा. त्यात त्याला दिसलं की सांगितलेलं न ऐकणारे रुग्ण, परवानगीआधी ब्रेस काढून चालणारे, पाय सरळ करून टाकणारे, हे आज्ञाधारकांपेक्षा चांगले बरे होतायत. त्यांचा गुडघा मोकळा, आणि लिगामेंट तरीही घट्ट. दुसऱ्या एखाद्यानं त्यांना झापलं असतं. शेलबर्ननं त्यांचं वागणं हाच उपचार केला: पहिल्या दिवसापासून पाय पूर्ण सरळ, झेपेल तसा भार, लवकर व्यायाम. पॉल निट्झबरोबरचा त्याचा निबंध आला 1990 मध्ये.

म्हणजे बाबांच्या दुखापतीच्या आदल्याच वर्षी. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. कराडच्या डॉक्टरांचा राग येत नव्हता. इंडियानापोलिसचं नियतकालिक एका वर्षात तिथे कसं पोचणार? राग येत होता तो बाबांच्या आज्ञाधारकपणाचा. त्यांनी थोडी चोरी करायला हवी होती.

अर्थात काटा तिथेच थांबला नाही. 'लवकर' हा शब्द खेळाडूंना इतका आवडला की चार-सहा महिन्यांत मैदानावर परतायची घाई सुरू झाली. पण नव्या लिगामेंटच्या जागी बसवलेला स्नायुबंध आधी कमजोर होतो, त्यात नव्यानं रक्तवाहिन्या शिरतात आणि मग महिनोन्‌महिने तो घडत राहतो. 2016 मध्ये नॉर्वे आणि अमेरिकेतल्या रुग्णांच्या अभ्यासात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, त्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापतीचं प्रमाण 51 टक्क्यांनी घटलं. आणि 2010 मधल्या स्वीडनच्या चाचणीत 121 तरुण रुग्ण होते. त्यातल्या 59 जणांना आधी फक्त व्यायाम दिला, गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनंतर 36 जणांवर ऑपरेशन करावंच लागलं नव्हतं. हे मला ऑपरेशननंतर कळलं. असो.

आता माझा सातवा महिना चालू आहे. पाय शून्य अंशाला सरळ होतो, मांडी घालता येते. धावतो, पण वळायची वेळ आली की अजून पाऊल आखडतं. परवा संध्याकाळी घोट्याला दोन किलोचा पट्टा बांधून खुर्चीवर बसलो होतो. बाबा पेपर बाजूला ठेवून बघत होते. माझं झाल्यावर म्हणाले, "दे इकडे."

मी पट्ट्यातलं अर्धं वजन काढलं आणि त्यांच्या घोट्याला बांधला. त्यांनी खुर्चीचे हात धरले. पाय वर जाताना थरथरला, अर्ध्यावर थांबला, खाली आला.

"किती वेळा?" त्यांनी विचारलं.

"दहा."

"एक झाला," ते म्हणाले, आणि पुन्हा पाय उचलला.