बोरीबंदरची गाडी, 1923

आसनगावच्या फलाटावर या, पण 1923 सालच्या. लोकलची वेळ शोधू नका; विजेची गाडी खुद्द मुंबईतही धावायला अजून दोन वर्षं आहेत. धोतर आवरा, टोपी नीट बसवा. शहापुराहून पायीच आलात, फडक्यात भाकरी आणि सुकटीची चटणी आहे. कुठं निघालास, असं कुणी विचारलं तर "परळला, मामाकडं" एवढंच सांगा. बंगाली पोरं गोऱ्या पलटणीशी फुटबॉल खेळणार आहेत आणि तेवढ्यासाठी मी मुंबई गाठतोय, हे इथं कुणाच्याच गळी उतरणार नाही.

ती पोरं याच रुळांवरून गेली. कलकत्त्याची मेल कसाऱ्याचा घाट उतरून आसनगावावरून धडधडत निघून जाते. इथं ती कशाला थांबेल? मोहन बागान हे त्यांच्या क्लबाचं नाव. 1911 साली कलकत्त्यात त्यांनी ईस्ट यॉर्कशायर पलटणीला 2-1 असं हरवून आयएफए शील्ड पटकावली होती. पण मुंबईचा रोव्हर्स कप 1891 पासून गोऱ्यांच्याच कपाटात आहे. त्याच्या अंतिम सामन्यात हिंदी क्लब उतरतोय तो आज, पहिल्यांदाच. समोर डरहॅम लाइट इन्फंट्री.

कल्याणला एक मुरबाडकर चढतो. रात्रभर बैलगाडीत हाडं खिळखिळी झालीत, पण तोंडाला विसावा नाही. मुरबाडला रेल्वे कधी येणार, हे तो तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत विचारतो. तुम्ही शंभर वर्षं पुढून आला आहात. खिडकीबाहेर बघा आणि विषय बदला. सामन्याचंही तसंच. निकाल तुम्हाला पाठ आहे: चार-एक, आणि एक आपला. तो ओठांवर येऊ देऊ नका.

बोरीबंदरला उतरून कूपरेजकडं चालायला लागा. वाटेत तहान लागली तर नळाला ओंजळ लावा. हे पाणी तानशाचं, तुमच्याच तालुक्यातलं. धरण 1892 साली झालं, तेव्हापासून शहापूरचं पाणी रोज मुंबईला जातं, आणि त्याला तिकीट लागत नाही, असं मुरबाडकर म्हणतो.

मैदानाभोवती गिरणीवाले, कारकून, कॉलेजची पोरं, पारशी, बोहरी, गोवेकर. खुर्च्यांवर साहेब. तुमच्या वाट्याला पाठी आणि टोप्या. टाचा उंचावून बघा: मरून-हिरव्या रंगातली अंगं दिसतात, आणि मुरबाडकर एकदम तुमचा दंड धरतो. "अरे, यांच्या पायात बूट कुठायत?" बहुतेकांच्या नाहीतच. त्यातला गोष्ठ पाल बघून ठेवा. बचावफळीत उभा राहिला की जागचा हलत नाही. बंगाली माणसं त्याला चीनची भिंत म्हणतात.

खेळ सुरू होतो. मुरबाडकराला हुतूतू कळतो, हे कळत नाही. हात लावायचा नाही, हे पटतं. कुणी लंगडत बाहेर गेला तर बदली गडी नाही, हेही पटतं. ऑफसाइड मात्र काही केल्या पटत नाही. 1923 चा नियम असा की चेंडू मिळणाऱ्याच्या पुढं निदान तीन विरोधी गडी हवेत. दोनावर तो 1925 साली येईल. "म्हणजे पुढं पळाला हाच गुन्हा?" तो विचारतो. खरं सांगायचं तर प्रश्न रास्त आहे.

गोल कुणी मारला, कसा मारला, हे तुम्हाला दिसत नाही. कळतो तो आवाजावरून. साहेबांच्या बाजूला टाळ्या वाजतात तेव्हा पलटणीचा. पण एकदा असा आवाज उठतो की पुढची टोपी तुमच्या अंगावर येते, मुरबाडकर तुम्हाला उचलतो, आणि निकाल ठाऊक असूनही तुमचा घसा बसतो. या गर्दीत बंगालीचा एक शब्द कळणारी माणसं किती असतील? तरी सगळे "आपला, आपला" म्हणून ओरडताहेत. गांधी येरवड्याच्या तुरुंगात आहेत, आणि साहेबाला समोरासमोर, नियमाने अडवण्याची जागा सध्या खेळाचं मैदान एवढीच. क्रिकेटच्या मैदानावर तर याच वर्षी विठ्ठल पाळवणकर हिंदू संघाचे कप्तान होतात. त्यांच्या थोरल्या भावाला, बाळूला, जातीपायी तो मान कधी मिळाला नाही. तेव्हा सगळीच लढाई साहेबाशी होती असं समजू नका. आणि समोरचे ते सोल्जर? डरहॅम हा कोळशाच्या खाणींचा मुलूख. त्यातल्या कितीकांचे बाप खाणीत राबत असतील.

चार-एक. कप पलटणीकडं.

परतीच्या गाडीत मुरबाडकर शेवटची भाकरी मोडून अर्धी तुम्हाला देतो. रोव्हर्स पहिल्यांदा हिंदी संघाकडं जाईल तो 1937 साली, बंगळूर मुस्लिम्सकडं. मोहन बागानला तो मिळायला 1955 उजाडेल. हा गडी आज बाविशीचा दिसतो. तुम्ही मनात हिशेब करता: चोपन्न.

"परत येतील का रे ते?"

"येतील. जिंकतीलही."

"मग तेव्हाही येऊ," तो म्हणतो. "पण गाडीभाडं तुझं. मला कल्याणपर्यंत बैलांचंच पडतं."